उद्याची जागा

अंदमानातल्या हॅवलॉकला उतरणाऱ्या बहुतेक पाहुण्यांच्या फोनमध्ये एक यादी तयार असते. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार, द वॉल. प्रत्येक नावाखाली कुणीतरी काढलेला फोटो: निळंशार पाणी, मधोमध खडक आणि त्याभोवती पिवळ्या माशांचं कडं. पाहुणा फोन माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, “आम्हाला हे बघायचंय.” मुक्काम दोन रात्रींचा, त्यातली एक सकाळ डायव्हिंगची. त्या सकाळी आपल्यालाही असंच दिसावं ही अपेक्षा रास्त आहे. इतक्या लांब, इतका खर्च करून माणूस उगाच येत नाही. पण फोटो काढला त्या दिवशी तिथी कोणती होती, वारा कुठून होता आणि कॅमेरा ज्याच्या हातात होता त्यानं त्याआधी किती वर्षं पाण्याखाली घालवली होती, हे फोटोत येत नाही. जागा ठरते ती मात्र याच गोष्टींवर.

मी इथं डाइव्ह इन्स्ट्रक्टर आहे. गाव देवगड तालुक्यातलं, घर खाडीकाठी. हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीला सुरू होतो आणि मे महिन्यात मोसमी वारे अंदमानला पोचले की गुंडाळावा लागतो. अंदमान देशाच्या इतकं पूर्वेला आहे की डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. अंधार पडल्यावर दुकानाच्या मागे कॉम्प्रेसरची धडधड सुरू होते, दुसऱ्या दिवसाच्या टाक्या भरल्या जातात आणि मी पांढऱ्या फळ्यासमोर उभी राहते. फळ्यावर तीन रकाने आहेत: बोट, माणसं, जागा. जागेचा रकाना मी सगळ्यात शेवटी भरते. नव्यानं कामाला आलेल्या मुलांना याचं नवल वाटतं, कारण पाहुण्यानं पहिल्यांदा विचारलेलं असतं ते जागेबद्दलच.

कागदोपत्री या बेटाचं नाव २०१८ च्या डिसेंबरपासून स्वराज द्वीप आहे आणि शेजारच्या नीलचं शहीद द्वीप. बोटीवर आणि दुकानात अजून हॅवलॉक आणि नीलच चालतं, म्हणून मीही तेच लिहिते.

इथल्या जागा ढोबळमानानं दोन तऱ्हेच्या. एक किनाऱ्यालगतच्या. नेमो रीफला किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येतं. लाइटहाउस बेटाच्या उत्तर टोकाशी, तळ अठरा मीटरच्या आसपास, वाऱ्यापासून बऱ्यापैकी आडोसा. अॅक्वेरियमही त्याच जातीची. दुसऱ्या तऱ्हेच्या जागा उघड्या समुद्रात, डुंगीनं पाऊण-एक तास, काही ठिकाणी त्याहून जास्त. डुंगी म्हणजे इथली लाकडी बोट; मासेमारीसाठी बांधायचे, आता तिच्यात टाक्या ठेवायला फळ्या ठोकल्या आहेत. डिक्सन्स, जॉनीज या दूरच्या जागा. डिक्सन आणि जॉनी ही इथल्या करेन पाणबुड्यांची नावं. १९२५ च्या सुमारास ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातून आणलेली करेन कुटुंबं मायाबंदरच्या बाजूला वसली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले काही जण डायव्हिंगमध्ये आले. वरून पाहणाऱ्याला त्या ठिकाणी निळ्या पाण्याखेरीज काहीच दिसत नाही. खाली खडक आहे हे आधी कुणीतरी जिवावर उदार होऊन शोधलेलं असतं. मी पाहुण्यांना हे आवर्जून सांगते, कारण यादीतलं नाव वाचताना ते कुणाचं आहे हे ठाऊक असलेलं बरं.

आता या दूरच्या जागा एवढ्या गाजलेल्या का, तर प्रवाहामुळे. सपाट तळावरून वाहत आलेलं पाणी खडकाला अडतं, वर उसळतं, त्याबरोबर बारीक जीव येतात, ते खायला लहान मासे, लहान मासे खायला मोठे. प्रवाह जिकडून येतो त्या तोंडाला सगळी गर्दी. प्रवाह नसेल त्या दिवशी तोच खडक अर्धा रिकामा वाटतो. म्हणजे जे पाणी मासे गोळा करतं तेच पाणी नवख्या माणसाला उतरायच्या दोरीवर फडफडवतं. मासे हवेत पण प्रवाह नको, हे समुद्रात जमत नाही. म्हणून कुणी विचारलं, “डिक्सन चांगलं की लाइटहाउस?” तर मी उलट विचारते, “कुणासाठी?”

भरती-ओहोटीचा हिशेब मी घरूनच शिकून आले होते. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आमच्याकडे होडी काढणारा माणूस हे बोटांवर मोजतो. अंदमानात हे गणित लागू पडत नाही, कारण भरतीची वेळ किनाऱ्यागणिक बदलते. इथं भारतीय सर्वेक्षण विभागाचे तक्ते लागतात, त्यात पोर्ट ब्लेअरच्या वेळा असतात, आणि त्यात हॅवलॉकचा थोडा फरक अनुभवानं धरायचा. पण उधाण आणि भांग सगळीकडे सारखेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, इथं दोनच्या आसपास. हे ऐकून कोकणातला माणूस म्हणेल, मग एवढी काळजी कशाची? काळजी अशी की हे दोन मीटर पाणी बेटाबेटांमधल्या अरुंद गल्ल्यांतून आत-बाहेर करतं. भरतीच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सगळ्यात जोरात असतं. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी थोडा वेळ पाणी थांबतं, तो आमचा मुहूर्त. तो पहाटे साडेचारला आला तर काही उपयोग नाही, साडेआठला आला तर सोन्याहून पिवळं. फळ्यावर जॉनीज लिहायचं की नाही, याचं निम्मं उत्तर या एका वेळेत असतं.

उरलेलं अर्धं वाऱ्यात. नोव्हेंबर ते जानेवारी ईशान्येचा वारा असतो आणि दुकानं, रिसॉर्टं ज्या पूर्व किनाऱ्यावर आहेत तिथंच तो थेट लागतो. सकाळी तेलासारखं असलेलं पाणी अकरानंतर उकळायला लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा पडतो, पाणी नितळ होतं, तेव्हा दूर जायला मन धजावतं. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की प्रशासन बोटी बंद करतं, तेव्हा प्रश्नच मिटतो. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली तेव्हापासून वाऱ्याचे नकाशे फोनवर नीट दिसतात. त्याआधी, जुने लोक सांगतात, फोन लागण्याचीच मारामार होती. तरी शेवटचा शब्द मी आमच्या बोटवाल्या दादांचा मानते. त्यांचे आजोबा पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आले आणि सरकारनं या बेटावर जमीन दिली. दादा सकाळी सहाला धक्क्यावर उभे राहून लांबवर बघतात, दोन मिनिटं काही बोलत नाहीत, मग म्हणतात, “मॅडम, आज जॉनी नहीं होगा.” मी कारण विचारत नाही. पाहुण्यांना सांगायला हवं असतं म्हणून मीही तिकडे बघते आणि मग मलाही क्षितिजावर पांढरे फटकारे दिसायला लागतात.

अशा एका सकाळी आठ जणांचा गट होता, मुंबईचे, सगळे डायव्हिंगचे कार्डधारक, जॉनीजसाठीच आलेले. जागा बदलली म्हटल्यावर चेहरे उतरले. एक जण म्हणाला, “आम्ही पैसे जॉनीजचे भरलेत.” मी त्यांना म्हटलं, जॉनीजचा तळ वीस ते तीस मीटर. या लाटांत बोट एका जागी राहणार नाही, वर आल्यावर शिडी वरखाली आपटत असेल आणि पंधरा किलोचं सामान पाठीवर घेऊन तुम्हाला तिचा दांडा पकडायचा असेल. त्यांनी ऐकून घेतलं, पटलंच असं नाही. आम्ही लाइटहाउसला गेलो. तिथं बारा मीटरवर एका खडकाच्या खोबणीत ऑक्टोपस होता. आधी दिसला तो त्याचा डोळा, आडव्या फटीसारखी बाहुली असलेला. आम्ही सगळे वाळूवर गुडघे टेकून गप्प राहिलो. थोड्या वेळानं तो बाहेर आला, खडकाच्या रंगाचा होता तो वाळूवर येताच फिकट झाला, कातडीवर उठलेले खडबडीत उंचवटे सपाट झाले, आणि एक पाय लांब करून त्यानं शेजारचा शिंपला चाचपला. दहा मिनिटं आठ माणसं एका प्राण्याकडे बघत होती. दूरच्या जागी प्रवाहात ही दहा मिनिटं कधीच मिळाली नसती. बोटीवर आल्यावर ‘पैसे जॉनीजचे’ म्हणणाराच सगळ्यात जास्त बोलत होता.

पण पाणी आणि वारा हा सोपा भाग. तो तक्त्यात असतो, आकाशात असतो, दादांच्या नजरेत असतो. माणसांचा रकाना अवघड.

माणूस दुकानात शिरतो तिथूनच मी बघायला लागते. कार्डावर काय लिहिलंय हे महत्त्वाचं आहेच. ओपन वॉटरचं कार्ड म्हणजे अठरा मीटरपर्यंत, अॅडव्हान्स्ड म्हणजे तीस. पण कार्डावर शेवटची डाइव्ह कधी केली हे नसतं. पाच वर्षांपूर्वी थायलंडला कोर्स केला आणि तेव्हापासून पाण्यात पाय घातला नाही, अशी पुष्कळ माणसं येतात. मी त्यांना मास्क हातात देते. पट्टा कानाच्या वर ठेवला की खाली, केस आत अडकले का, हे बघितलं तरी बरंच कळतं. बोलताना समोरच्याचं ऐकतो का? न समजलेलं पुन्हा विचारतो का? विचारणारा माणूस मला आवडतो. सर्दी आहे का, रात्री झोप झाली का, बोट लागते का, हे मी चहा देता देता विचारून घेते. बायको उत्साही आणि नवरा गप्प असेल किंवा त्याच्या उलट, तर दोघांना वेगवेगळं गाठून विचारते. एकमेकांसमोर माणसं ‘नाही’ म्हणत नाहीत.

सांगलीच्या एक शिक्षिका आल्या होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बरोबर मुलगा. दोघांनी पॉण्डिचेरीला कोर्स केलेला. मुलगा उंचापुरा, रोज व्यायामशाळेत जाणारा, पोहण्यात पदकं मिळवलेला. बाई बारीक, शांत, आणि पोहायला चाळिशीनंतर शिकलेल्या. दोघांनाही डिक्सन्सला जायचं होतं. मुलगा म्हणाला, “आईला लाइटहाउस करू दे, मी डिक्सन करतो.” मी म्हटलं, आधी सकाळी दोघंही लाइटहाउसला चला. पाण्याखाली मुलगा सगळीकडे हात मारत होता, या माशामागे, त्या कासवामागे. जोर खूप आणि श्वास भराभर. आम्ही टाकी साधारण दोनशे बारला भरून देतो, पन्नास बार उरले की वर यायचं. पंचविसाव्या मिनिटाला त्याचा काटा पन्नासवर होता. बाईंचा त्याच वेळी एकशे दहावर. हात छातीशी बांधलेले, पाय जेमतेम हलत होते, आणि त्या एका अॅनिमोनपाशी थांबून निमो मासे बघत होत्या, घाई कसलीच नाही.

तीस मीटरवर दाब वरच्यापेक्षा चौपट असतो, म्हणून हवाही चौपट वेगानं संपते. उथळ पाण्यात जो पंचवीस मिनिटांत टाकी रिकामी करतो, तो तिथं खडक नीट बघायच्या आतच परतीला लागतो, आणि प्रवाह असेल तर धापा टाकायला लागतो. ताकद तिथं कामाची नाही. संध्याकाळी फळ्यावर मी डिक्सन्ससमोर बाईंचं नाव लिहिलं. त्यांचं कार्ड अठरा मीटरचं, पण अॅडव्हान्स्डच्या अभ्यासक्रमातली खोल पाण्याची डाइव्ह इन्स्ट्रक्टरबरोबर करता येते, तशी केली. मुलाला दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा लाइटहाउस, तरंगायला आणि श्वास लांबवायला शिकण्यासाठी. तो नाराज झाला नाही असं म्हणणार नाही. बाई मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं, नक्की मलाच नेतेस ना?”

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गेलो, भांगाचं पाणी. दोरी धरून उतरलो. दहा मीटरवर लाल रंग गेलेला असतो, बाईंचा लाल पट्टा तपकिरी दिसायला लागला. पंधराच्या पुढे खडकाचा माथा आला आणि त्याच्याभोवती पिवळ्या स्नॅपरचा थवा. तांबोशीच्याच कुळातला मासा, आपल्याकडे बाजारात असतो तो लाल, इथला पिवळा निळ्या रेघांचा. थवा आमच्याभोवती उघडला आणि मागे मिटला. खडकाच्या आडोशाला पाणी शांत होतं, तिथंच राहायचं हे ठरलं होतं. मी हातानं खूण करून एक जागा दाखवली. बाईंना आधी काही दिसेना. तो दगडच होता. मग दगडानं कल्ला हलवला. स्कॉर्पियनफिश, विषारी काट्यांचा, इतका बेमालूम की हात टेकवायला जाणारा माणूस त्याच्यावरच टेकवेल. बाईंनी दोन्ही हात आणखी घट्ट छातीशी घेतले. परतताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळू बाहेर पडावा म्हणून. तिथं दोरीला लटकलेलो असताना बॅटफिश आले, ताटाएवढे, चपटे, रुपेरी, आणि माणसाला न भिता अगदी मास्कपाशी येऊन थांबले. डिक्सन्सचे बॅटफिश असेच धीट आहेत. वर आल्यावर बाईंच्या टाकीत नव्वद बार होते. हा आकडा मी अजून नव्या इन्स्ट्रक्टरांना सांगते.

पहिल्यांदाच पाण्यात जाणाऱ्यांसाठी जागा निवडणं हे मला त्याहून मोठं काम वाटतं. कार्ड नसलेल्याला फार तर बारा मीटरपर्यंत नेता येतं, वय किमान दहा. प्रत्यक्षात सहा-सात मीटर पुष्कळ होतात. मराठी पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांनी तारकर्लीला एक डाइव्ह केलेली असते. तिथलं पाणी हिरवट, कारण नद्यांचा गाळ येतो, आणि चार-पाच मीटरपलीकडचं दिसेलच असं नाही. तरी माझ्या जिल्ह्यातलं ते पाणी मला प्रिय आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर जे जीवन आहे ते पुष्कळांनी नीट पाहिलेलंच नाही. हॅवलॉकला वीस-पंचवीस मीटर लांबचं दिसतं. नवख्याला याची भुरळ पडते आणि धोकाही त्यातच. तळ स्वच्छ दिसतो म्हणून जवळ वाटतो.

अशांना मी नेमो रीफला नेते, आणि तिथंही वाळूचा पट्टा असलेल्या बाजूनं. पहिली पाच मिनिटं गुडघाभर पाण्यात, तोंडानं श्वास घ्यायचा सराव. मग हळूहळू खाली. दोन-तीन मीटरवर कान दुखायला लागतात, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, नाही उघडले तर थोडं वर यायचं. साठीतले एक काका होते, नागपूरचे, त्यांचा डावा कान काही केल्या उघडेना. चार वेळा वर-खाली केलं. मी त्यांना अंगठा दाखवला, म्हणजे वर चला. त्यांनी मान हलवली, मग दोन बोटांनी ‘थोडं थांब’ अशी खूण केली, जबडा डावी-उजवीकडे हलवला, आणि डोळे एकदम मोठे झाले. उघडला. त्यानंतर तीन मीटरवरच वीस मिनिटं राहिलो, त्याहून खाली गेलोच नाही. खोलीचा हट्ट काकांनी धरला नाही हे त्यांचं मोठेपण. वर आल्यावर बराच वेळ ते किनाऱ्यावर बसून होते. म्हणाले, “एवढं सगळं इथं खाली होतं?”

वाळूच का, हेही सांगायला हवं. नवखा माणूस तोल सांभाळू शकत नाही, तो कशावर तरी उभा राहणारच. २०१० च्या उन्हाळ्यात इथलं पाणी इतकं तापलं की उथळ पाण्यातली प्रवाळं मोठ्या प्रमाणात पांढरी पडली आणि मेली. १९९८ लाही झालं होतं, २०१६ लाही पुन्हा झालं. ज्यांनी २०१० च्या आधीचं अॅक्वेरियम पाहिलंय ते त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. काही ठिकाणी प्रवाळ परत येतंय, फांद्यांचं लवकर, गोलाकार फार सावकाश, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. त्यावर एक फिन बसली तर कित्येक वर्षांची वाढ गेली. म्हणून जिथं कोवळं प्रवाळ उठतंय त्या पट्ट्यावर मी नवख्यांना नेत नाही, तिथं मासे कितीही असोत. हा निर्णय माझ्या मते वाऱ्याइतकाच पक्का असायला हवा. सगळेच तो पाळत नाहीत. सुट्ट्यांच्या दिवसांत एकाच उथळ कोपऱ्यात बोटीमागून बोट येते, पन्नास-साठ माणसं एकाच पट्ट्यावर उतरतात, आणि दुपारी तिथलं पाणी गढूळ झालेलं असतं. हे थांबवायला हवं, आणि ते आम्ही धंद्यातल्या लोकांनीच थांबवायला हवं.

शार्कबद्दल मला रोज विचारतात. इथले शार्क माणूस बघून दूर जातात. दिसला तर नशीब. मी जपून असते ती मगरीपासून. खारफुटीच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१० मध्ये याच बेटावरच्या राधानगर किनाऱ्याच्या बाजूला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाडीच्या तोंडाजवळची जागा, पाणी कितीही सुंदर असो, माझ्या फळ्यावर येत नाही.

आणि एक रकाना फळ्यावर नसतो, तो कागदावर असतो: आरोग्याचा फॉर्म. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, असे प्रश्न, समोर हो किंवा नाही. बरेच फॉर्म वरपासून खालपर्यंत ‘नाही’ असे येतात. एकदा एका जोडप्याचे दोन्ही फॉर्म तसेच आले. नवरा वेटबेल्ट बांधायला गेला तशी बायको माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, यांच्या बॅगेत पंप असतो.” कुणी बुकिंग करताना त्यांना सांगितलं होतं की सगळीकडे ‘नाही’ लिहा, नाहीतर पाण्यात सोडणार नाहीत. मी त्या माणसाला बाजूला घेतलं आणि समजावलं. आकुंचन पावलेल्या श्वासनलिकेमागे हवा अडकली आणि तुम्ही वर आलात, तर दाब कमी होऊन ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते, अगदी पाच-सहा मीटरवरूनही. दाबाच्या उपचाराची सोय पोर्ट ब्लेअरला, नौदलाच्या रुग्णालयात. इथून बोटीनं किमान दीड तास. डॉक्टरांचं पत्र नसताना मी नेऊ शकत नाही. तो चिडला, मग गप्प झाला, मग म्हणाला, “मला कुणी हे सांगितलंच नाही.” त्या दिवशी बायको डाइव्हला गेली आणि तो काचेच्या तळाच्या बोटीतून फिरून आला.

मराठी माणूस अंदमानला येतो तो आधी सेल्युलर जेलसाठी, सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहण्यासाठी. म्हणून बहुतेक सहलींत पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअर, आता श्री विजयपुरम, मग हॅवलॉक, नील आणि परत येऊन लगेच विमान. डायव्हिंग त्यात शेवटाकडे ढकललं जातं. एक डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या असतील तर १८ तास जाऊ द्यावे लागतात. बेत असा असेल तर मी तुम्हाला पाण्यात नेऊ शकत नाही, आणि मला ते सांगताना वाईट वाटतं. तेव्हा सहल ठरवतानाच क्रम उलटा करा. उतरल्या दिवशी थेट हॅवलॉकची बोट धरा. जमलं तर अष्टमीच्या आसपासचे दिवस घ्या आणि तीन रात्री ठेवा, म्हणजे एखादी सकाळ वाऱ्यानं नेली तरी दुसरी उरते. जुना कान, जुना दमा, चालू गोळ्या, सगळं फॉर्मवर खरं लिहा आणि शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून पत्र घ्या. जागेचं नाव बुकिंगमध्ये घालू नका. ज्या दुकानात जागेआधी तुमच्याबद्दल विचारतील तिथं नाव नोंदवा. आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी ठेवा. तिथं पूर्ण दिवस द्या. तोवर विमानासाठी लागणारे तासही भरलेले असतील.